न मोडलेला जोड

प्रिय ईशान आणि मुक्ता,

गेल्या रविवारी फोनवर बोलताना मुक्ताने एक जुना फोटो दाखवला. तुम्ही दोघं आमच्या वाडीच्या अंगणात कुल्फी खाताय, आणि मागे हिरवट नळ्यांचा लांबलचक सांगाडा उभा आहे. "आजी, हा गणपतीच्या मांडवाचा सांगाडा का गं?" असं तिने विचारलं. मी म्हटलं, "नाही, विमानाचा." त्यावर तुम्ही दोघंही हसलात. आजी गंमत करते आहे असं तुम्हाला वाटलं. ती गंमत नव्हती. ते सगळं फोनवर सांगायचं तर अर्धवट राहिलं असतं, आणि अर्धवट सांगितलेलं मला आवडत नाही. शिवाय तो सांगाडा ज्याने बांधला त्या माणसाला जवळून ओळखणारी वाडीत आता मीच उरले आहे. म्हणून लिहून काढते, पहिल्यापासून.

पहिल्यापासून म्हणजे बिस्किटापासून. हे गृहस्थ आमच्याकडे चहाला आले की बिस्किट आधी कानाजवळ नेऊन मोडत. मोडल्याचा आवाज ऐकत, मोडलेली कड उजेडात धरून बघत, आणि मग बुडवत. "ओल लागलीय, वहिनी. डब्याचं झाकण बदला." मी झाकण बदलत असे, कारण त्यांचं कधी चुकत नसे. पापड, खडू, काडी, चपलेचा अंगठा, सगळ्याला त्यांचा एकच न्याय होता. "मोडून बघू." तुमचे आजोबा त्यांना आमच्या नव्या खुर्च्यांवर बसू देत नसत.

त्यांचं नाव मी लिहीत नाही. माणसाचं नाव कागदावर सहीपुरतंच यावं, असं ते म्हणत. वाडीत सगळे त्यांना भाऊ म्हणत. तुम्हीही भाऊच म्हणा.

भाऊंची नोकरीच मोडण्याची होती. पूल, क्रेन, बॉयलर यांच्यासाठी जे पोलाद येई, त्याचा तुकडा यंत्राच्या दोन जबड्यांत धरायचा, तुटेपर्यंत ताणायचा, आणि किती जोराला तुटला ते लिहून खाली सही करायची. डिप्लोमा झाल्यापासून निवृत्तीपर्यंत त्यांनी हेच केलं. निवृत्त झाल्यावर पहिल्याच आठवड्यात ते आमच्याकडे आले, बिस्किट मोडलं आणि म्हणाले, "उभा जन्म मोडण्याचा पगार खाल्ला, वहिनी. आता एक न मोडणारी वस्तू करायचीय."

"मग पाटा-वरवंटा करा," तुमचे आजोबा म्हणाले.

"पाटा उडत नाही."

आम्ही दोघं हसलो. ते हसले नाहीत. त्यांनी परदेशातून नकाशे मागवले होते. एका माणसाने बसून उडवायचं, घरी बांधता येईल असं छोटं विमान. अंगावर कापड, पंख लाकडी, आणि आतला सांगाडा पोलादी नळ्यांचा. वाडीच्या मागच्या बाजूला एका बंद पडलेल्या छापखान्याची लांब खोली होती, ती त्यांनी भाड्याने घेतली. आमच्या मागच्या गॅलरीतून त्या खोलीचं दार आणि आतला अर्धा भाग सरळ दिसे.

घरात भाऊ आणि त्यांची मोठी बहीण, दोघंच. तिला आम्ही आक्का म्हणत असू. आई लवकर गेल्यामुळे तिनेच त्यांना वाढवलं होतं. गिरगावात सगळं आयुष्य काढूनही तिच्या बोलण्यातून मालवण गेलं नव्हतं. विमानाचं कळलं तेव्हा ती जिन्यात उभी राहून सगळ्या वाडीला ऐकू जाईल अशी म्हणाली, "मेल्या, जमिनीवर काय कमी पडला तुका?" त्यानंतर कित्येक महिने तिने त्या खोलीत पाऊल टाकलं नाही. भाऊंचा डबा खाली पाठवताना "विमानतळावर दे रे" एवढंच म्हणे.

पोलाद कुठलं घ्यायचं यावर आमच्या गॅलरीत कित्येक संध्याकाळी गेल्या. साधी नळी कुठेही मिळते, जोडायला सोपी, पण तेवढाच भार पेलायचा तर ती जाड घ्यावी लागते आणि विमान जड होतं. तुमच्या आजोबांचं मत स्टेनलेस घ्या असं होतं, गंजायची भानगड नको. भाऊंनी डोकं हलवलं. "भांड्याला ठीक आहे. विमान सारखं थरथरतं. थरथरीने स्टेनलेस थकतं, आणि थकलंय हे सांगत नाही. एके दिवशी एकदम चीर." त्यांना क्रोमियम आणि मॉलिब्डेनम मिसळलेलं पोलाद हवं होतं. पातळ असून ताकदीचं, आणि मोडायच्या आधी वाकणारं. "वाकतं म्हणजे सूचना देतं," ते म्हणत. "सूचना देणारी माणसं आणि सूचना देणारं पोलाद, दोन्ही जवळ ठेवावं."

जुन्या बोटी फोडतात त्या दारूखान्यातल्या एका भंगारवाल्याने त्यांना विमानाचीच म्हणून एक नळी दाखवली. भाऊ तिथेच कानस काढून बसले. तुकडा कापून घरी आणला, तापवला, थंड केला, वाकवला. दुसऱ्या दिवशी जाऊन त्या माणसाला म्हणाले, "विमानाची असेल. विमानातल्या पडद्याची." शेवटी नळ्या बाहेरून बोटीने मागवल्या, प्रत्येक नळीच्या जन्माच्या दाखल्यासकट. तरी एक नळी त्यांनी मोडून बघितलीच.

मग जोडायचं कसं, हा प्रश्न. करी रोडला त्यांचा एक दोस्त होता, खिडक्यांच्या ग्रिल आणि लालबागच्या मंडपांचे सांगाडे करणारा. तो म्हणाला, "भाऊ, माझी मशीन आणतो ना. बटण दाबलं की तार सुटते. एका दिवसात तुमचं विमान उभं. मोरया!"

"चांगलं चिकटतं का आत?"

"एवढ्या मोठ्या मूर्तीचा मंडप उभा राहतो त्याच्यावर!"

"मंडप दहा दिवस उभा राहतो, आणि एका जागी."

तरी त्यांनी त्याला जोड करून दाखवायला सांगितला. दुसरा जोड एका कारखान्यात आर्गॉन वायूखाली विजेच्या बारीक ठिणगीने करवून आणला. तिसरा स्वतः केला, जुन्या पद्धतीने, ऑक्सिजन आणि ॲसिटिलीनच्या ज्योतीवर. प्रत्येक प्रकारचे अनेक जोड झाले आणि सगळे आमच्या गॅलरीत वर्तमानपत्रावर मांडले गेले. इथे माझं काम सुरू होत असे. "वहिनी, प्रत्येकातला एक उचला."

"मला काय कळतं त्यातलं?"

"म्हणूनच. करणाऱ्याने नमुना निवडायचा नसतो. तो बरोबर चांगलाच उचलतो."

मी उचलीन तो जोड पकडीत धरून हातोड्याने वाकवायचा, मग करवतीने उभा चिरून आतली कड बघायची. ग्रिलवाल्याचा जोड वरून फार देखणा होता, पण आतून नुसता टेकलेला निघाला. तो बिचारा स्वतःच म्हणाला, "आयला, हा तर पाव वर आणि मस्का बाजूला!" विजेचा आणि ज्योतीचा, दोन्ही पास झाले. भाऊंनी ज्योत घेतली. विजेच्या ठिणगीला वारा चालत नाही आणि आमच्या वाडीत दुपारी चौपाटीचा वारा येतोच. शिवाय ज्योतीने आजूबाजूची नळीही तापते, त्यामुळे जोड सावकाश थंड होतो. "सावकाश, वहिनी. या पोलादाचं एवढंच म्हणणं आहे. लाल असताना पाणी लागलं तर ते काचेसारखं होतं."

सिलिंडरवरून वाडीची सभा झाली. लोकांचं म्हणणं रास्त होतं. भाऊंनी सगळ्या अटी मान्य केल्या. सिलिंडर बाहेर साखळीने बांधायचे, काम फक्त सकाळी, ऑफिसवाले गेल्यावर. "आणि हे धूड गेटमधून काढणार कसं?" असं कोणी विचारलं, तर त्याआधीच त्यांनी बांबूचा त्याच मापाचा सांगाडा बांधून ठेवला होता. तो चौघांनी उचलून गेटबाहेर नेऊन दाखवला. ठाकूरद्वारच्या नाक्यावर लोकांना वाटलं, मंडपाचं काम सुरू झालं. दोघातिघांनी हातही लावला.

असं काम चाललं. दर महिन्या-दीड महिन्याने मला खाली हाक येई, "वहिनी, एक उचला." मी जाई, नमुन्याच्या जोडांतला एक उचली, ते मोडत. हळूहळू सांगाड्याला पाठ आली, पोट आलं, निमुळती शेपूट आली. आक्का मात्र वरच.

आणि मग तो दसरा.

त्या सकाळी भाऊंनी सगळ्यात महत्त्वाचा जोड केला होता. पंखाचा भार जिथे सांगाड्यावर येतो तिथे पाच नळ्या एकत्र येतात. मी गॅलरीत तोरणाला झेंडू ओवत होते. भाऊंनी ज्योत विझवली, चष्मा काढला आणि मागच्या मोरीवर तोंड धुवायला गेले. तेवढ्यात आक्का जिना उतरताना दिसली. नवं लुगडं, हातात ताट आणि पाण्याचा तांब्या. ती सरळ खोलीत शिरली. माझ्या हातातली सुई थांबली. भावाच्या हत्यारांची पूजा करायला, कोणी न बोलावता, ती पहिल्यांदा खाली आली होती.

तिने हातोडा, कानशी, पकड, सगळ्यांना हळद-कुंकू लावलं. मग सांगाड्यापाशी आली. नवा जोड निळ्या-जांभळ्या रंगांनी मोराच्या मानेसारखा चमकत होता. मानाची जागा तीच, असं तिला वाटलं असणार. तिने तांब्यातल्या पाण्याची धार तिथे धरली.

चर्र झालं. वाफ आली.

भाऊ दारात उभे होते, तोंडावरून पाणी गळत होतं. आक्का वळली. "जळला काय रे कायतरी?"

"नाही, आक्का," ते म्हणाले. "हळद-कुंकू लाव."

तिने लावलं. त्यांनी तिला वाकून नमस्कार केला. मग तिने त्यांच्या हातावर आपट्याचं पान ठेवलं.

दुपारी ते आमच्याकडे आले. चहा घेतला नाही. "वहिनी, तुम्ही वर होतात. जोड लाल दिसत होता का?"

मी आठवून बघितलं. मला निळा रंग दिसला होता. पण मधला भाग? खोलीत दारातून ऊन आलं होतं. मंद लाली उन्हात दिसतच नाही, हे त्यांनीच मला सांगितलं होतं. "नाही सांगता येत, भाऊ," मी म्हटलं.

पुढच्या आठवड्यात त्यांनी उरलेल्या तुकड्यांचे तसेच जोड केले. काहींवर लाल असतानाच पाणी ओतलं, काहींवर लाली गेल्यानंतर. मी उचलले. लाल असताना भिजलेला जोड पहिल्या घावाला चिक्कीसारखा तुटला. दुसरा वाकत वाकत पार दुमडला, पण तुटला नाही. म्हणजे आक्काचा जोड एकतर अगदी ठणठणीत होता किंवा काच होता. दोन्हींच्या मध्ये काही नव्हतं.

"पुन्हा तापवून सावकाश थंड केला तर?" तुमच्या आजोबांनी विचारलं.

"काचपणा जाईल. पण पाण्याने आत केसाएवढी चीर पडली असेल तर ती तापवून बुजत नाही."

"मग कळणार कसं?"

या प्रश्नाचं त्यांच्याकडे जन्मभर एकच उत्तर होतं. त्या दिवशी मात्र बिस्किट बशीतच राहिलं.

मुलांनो, इथे काय पणाला लागलं होतं ते तुम्हाला कळायला हवं. जोड कापायचा तर त्याच्यासोबत पाचही नळ्यांचा बराच भाग कापावा लागणार. तेवढ्या मापाची नळी शिल्लक नव्हती. पुन्हा बोटीने मागवायची, पुन्हा वाट बघायची. आणि भाऊंच्या उजव्या डोळ्यात नजरेच्या मधोमध एक डाग धरायला लागला होता. तो वाढत जाणार, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. ज्योतीखाली वितळलेल्या पोलादाचा टिकलीएवढा थेंब ज्याला दिसत नाही, त्याला जोड करता येत नाही. त्यांच्याकडे पैसे होते, धीर होता. वेळ नव्हता.

त्यांनी जोड कापला. करवतीचा आवाज सकाळभर येत होता.

आक्काने वरून विचारलं, "काय रे कापतस?"

"माझा हात वाकडा गेला होता," ते खालून ओरडले. "परत करतो."

त्या माणसाने आयुष्यात दिलेला हा एकमेव खोटा अहवाल. मी तो माझ्या कानांनी ऐकला.

थोड्या दिवसांनी आक्का माझ्याकडे भाजी निवडायला बसली होती. मान वर न करता म्हणाली, "त्याका वाटता माका कळूक नाय. थंड झाला असा वाटला गो माका. रंग किती बरो होतो."

मी पुढची जुडी सोडून तिच्यापुढे ठेवली.

"त्याका सांगू नको. एवढा खोटा बोललो तो माझ्यासाठी. फुकट जायत."

नळ्या यायला फार महिने लागले. पुन्हा तो जोड करायचा दिवस आला तेव्हा आक्का आपला पाट घेऊन खाली उतरली आणि खोलीच्या दारात बसली. कोणी पाण्याची बाटली घेऊन आलं तरी तिथूनच परत पाठवी. "थय ठेव. आत पाणी न्यायचा नाय." ज्योत विझल्यावरही ती हलली नाही. जोड गार होईपर्यंत भाऊ आत स्टुलावर आणि ती दारात, दोघं एकमेकांशी न बोलता बसून होती. मी वरून पाहत होते.

सांगाडा पुरा झाला. नळ्या आतून गंजू नयेत म्हणून त्यांत गरम अळशीचं तेल ओतून, सांगाडा उलटापालटा करून, तेल निथळून भोकं बंद करायची असतात. तेल आक्काने स्वतः गरम करून दिलं. "पोराक अभ्यंगस्नान," ती म्हणाली. मग अंगणात आणून त्याला हिरवट रंग लावला. तुमचा कुल्फीचा फोटो त्याच सुट्टीतला. फोटोच्या उजव्या कडेला लुगड्याचा एक काठ दिसतो. ती आक्का.

विमान उडालं नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे तुम्ही शेवटपर्यंत वाट बघणार नाही. लाकडी पंखांना हात घातला आणि भाऊंची नजर अधू होत गेली. आक्का एका पहाटे झोपेतच गेली. ती गेल्यावर त्यांनी खोलीचं दार लावून घेतलं.

एकदा मी त्यांना विचारलं, "भाऊ, तो जोड कापला नसता तर एव्हाना तुम्ही उडाला असता ना?"

"उडालो असतो," ते म्हणाले. "आणि वर गेल्यावर सगळा वेळ खाली समुद्राकडे न बघता त्या जोडाकडे बघत बसलो असतो."

सांगाडा त्यांनी घाटावरच्या एका तंत्रशाळेला दिला, मुलांना जोड कसा असावा हे बघायला. तो गेटमधून निघाला तेव्हा ग्रिलवाला दोस्त पुढे होता. सवयीने त्याच्या तोंडून "मोरया" निघालं, पण हळू आवाजात. सांगाडा गेटच्या खांबाला न घासता गेला, बांबूचा गेला होता तसाच.

त्याच संध्याकाळी भाऊ रुमालात काहीतरी बांधून वर आले. पाच नळ्यांचे कापलेले तुकडे, मधोमध तो जोड. निळा रंग तसाच होता. त्यावर आक्काच्या बोटाची हळद आणि कुंकू.

"मोडून बघितला नाहीत?" मला राहवलं नाही.

"मोडला आणि तुटला, तर दोष तिच्या पाण्याचा. मोडला आणि वाकला, तर मी उगाच कापला." त्यांनी तो टेबलावर ठेवला. "दोन्ही मला नकोत. तुमच्याकडे ठेवा, वहिनी. माझ्याकडे राहिला तर एखाद्या दिवशी मोडेन."

नंतर ते आमच्याकडे चहाला येत राहिले, काठी टेकत, जिना मोजत. कड दिसत नसे तरी बिस्किट मोडत, कानाजवळ. गेल्या वर्षी ते गेले. त्यांच्यासाठी घेतलेला पुडा मी फोडलाच नाही.

छापखान्याच्या खोलीत आता कुरिअरवाल्याचं गोदाम आहे. सांगाडा त्या तंत्रशाळेच्या ओसरीत आहे, पंखांशिवाय, पण सरळ. मी चौकशी केली, कुठेही गंज नाही. आणि तो जोड माझ्या कपाटात शब्दकोशांच्या शेजारी आहे. हळद उडून गेली, कुंकवाचा डाग आहे. तो कोणी मोडलेला नाही.